'जस्ट मर्सी' बघताना डोळे पुसले, पण गंठण सापडलं तेव्हा गप्प बसलो

मुठाकाठ | रविवार, रात्री ११.२०

आमच्या सोसायटीत (कर्वेनगर) महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबहाउसमध्ये पडदा लावून एक सिनेमा दाखवतात. आज 'जस्ट मर्सी' होता, २०१९ चा, मायकल बी. जॉर्डन आणि जेमी फॉक्सचा. चाळीसेक माणसं होती. घरी येऊन दोन तास झाले तरी झोप नाही, म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मन्रोव्हिल नावाचं लहान गाव. १ नोव्हेंबर १९८६ ला तिथल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात अठरा वर्षांच्या एका गोऱ्या मुलीचा खून झाला. सात महिने कोणी सापडेना. मग वॉल्टर मॅकमिलियन या लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या काळ्या माणसाला पकडलं. खटला उभा राहण्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत नेऊन ठेवलं. खटला दीड दिवसात संपला. ज्युरीने जन्मठेप सुचवली होती, न्यायाधीशांनी ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. पुढे ब्रायन स्टीव्हन्सन हा हार्वर्डला शिकलेला तरुण वकील ते प्रकरण हातात घेतो आणि १९९३ च्या मार्चमध्ये मॅकमिलियन सुटतो.

सिनेमा चालू असताना सगळे अगदी एकजीव झाले होते. फाशीच्या प्रसंगात बाकीचे कैदी आपापले पेले गजांवर आपटतात, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. शेवटी खटला मागे घेतला जातो तेव्हा टाळ्या पडल्या. बारावीतला एक मुलगा विचारत होता, "दीड दिवसात खटला कसा संपतो?" चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "तिकडे हा वंशवाद भयंकरच आहे हो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. खून झाला त्या सकाळी मॅकमिलियन स्वतःच्या घरी होता. चर्चच्या मदतीसाठी घरासमोर मासे तळून विकणं चाललं होतं. नातेवाईक, शेजारी, येणारे-जाणारे, डझनावारी माणसांनी त्याला तिथे पाहिलं होतं. त्यातल्या काहींनी कोर्टात येऊन तसं सांगितलंही. पण ती सगळी काळी माणसं. त्यांच्या सांगण्यापेक्षा दुसऱ्या गुन्ह्यात अडकलेल्या एका गोऱ्या साक्षीदाराचा शब्द जड ठरला.

हे बघताना मला आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली. गेल्याच्या गेल्या दिवाळीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरातून गंठण गेलं. आमच्या तीन-चार घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा मुलगा तेव्हा सकाळी आमच्या पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा. वय एकोणीस. ती माणसं पारधी समाजाची. आडनाव गेटवरच्या रजिस्टरमध्ये होतं, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक. संशय त्याच्यावर घ्यायला दुसरं काहीही कारण नव्हतं. मावशी मीटिंगच्या दाराशी उभ्या राहून सांगत होत्या की त्या दिवशी तो दौंडला चुलतबहिणीच्या साखरपुड्याला होता, मांडवात साठ-सत्तर माणसं होती, कुणालाही विचारा. त्यावर एक जण म्हणाले, "ते सगळे एकाच माळेचे मणी. त्याच्याच बाजूने बोलणार ना!"

कुणी काही बोललं नाही. पोलीस चौकीला द्यायच्या पत्रावर कमिटीने सह्या केल्या. त्यात माझी सही आहे.

पोरगं दोन रात्री चौकीत होतं. आठ दिवसांनी गंठण सापडलं, माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात. गावाला जाताना घरच्यांनीच तिथे दडवलं होतं आणि विसरले होते. मावशींनी सोसायटीतली कामं तोवर सोडली होती. त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.

चष्मा काढून डोळे पुसणारे काका आणि माळेच्या मण्यांबद्दल बोलणारे गृहस्थ एकच आहेत. ते वाईट नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढून आले होते. म्हणूनच मला झोप येत नाहीये.

तुम्ही हा सिनेमा पाहिला असेल तर काय वाटलं, लिहा.

अर्धविराम | रविवार, रात्री ११.५८

पाहिलाय. सुरुवात विसरता येत नाही. मॅकमिलियन जंगलात झाड पाडतो, मान वर करून आभाळ बघतो, आणि गाडीतून परतताना रस्त्यावर पोलीस उभे. जेमी फॉक्सने नंतर कोठडीतसुद्धा ती वर बघायची सवय जपली आहे असं मला वाटलं.

तक्रार एकच. तो निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्यामुळे प्रेक्षक म्हणून आपल्यावर काही जोखीमच नाही. तुमच्या मीटिंगमध्ये ती सोय नव्हती. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना माणूस काय धरून चालतो तेच खरं. यावर सिनेमा काढायला हवा होता.

काळा_कोट | सोमवार, सकाळी ८.०५

मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करते. सिनेमा आमच्या सीनियरनी आम्हा ज्युनियरना बसवून दाखवला होता. काही गोष्टी स्पष्ट करते.

ज्युरीचा निर्णय डावलून मृत्युदंड देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार अलाबामाने २०१७ मध्ये कायद्याने काढून टाकला. आपल्याकडे ज्युरी नाही, आणि सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यामुळे "आपल्याकडे असं होऊच शकत नाही" असं पुष्कळांना वाटतं.

त्यांनी नाशिकचं प्रकरण वाचावं. २००३ मधला गुन्हा, दरोडा, खून आणि बलात्कार, अत्यंत क्रूर. भटक्या समाजातल्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष असल्याचं सांगून त्यांना सोडलं. घटनेतून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंमधून सुरुवातीला चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सहा जणांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

सोळा वर्षं. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. मॅकमिलियन सहा वर्षांत सुटला.

सदाशिव_पेठ_७१ | सोमवार, सकाळी ९.४०

वरचे प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे, राग मानू नये.

त्या अठरा वर्षांच्या मुलीचे काय? सिनेमात तिचे आईवडील जेमतेम दिसतात. तिचा खुनी आजतागायत सापडलेला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा तिची आठवण किती जणांना झाली?

हे मी उगाच विचारत नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मी पौड फाट्याजवळ राहत होतो. तिथल्या राठी हत्याकांडात एका घरातली सात माणसे गेली, त्यात लहान मुले होती. पुढचे कित्येक महिने आमची आई ओळखीचा आवाज आल्याशिवाय दार उघडत नसे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई. त्यातल्या एका आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, तो गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता असे ठरवून, अठ्ठावीस वर्षांनंतर सोडले. कायदा कायद्याच्या जागी बरोबर असेल. मला ते पचवायला जड गेले.

मुठाकाठ | सोमवार, सकाळी १०.१५

काका, राग कसला. मी तेव्हा चौथीत होते. आमच्याही बिल्डिंगला त्या वर्षी पहिल्यांदा लोखंडी जाळीचं दार बसलं.

पण ते प्रकरण निराळं आहे. तिथे गुन्हा केला की नाही हा वाद नव्हता, वय किती हा होता. मन्रोव्हिलमध्ये चुकीचा माणूस धरला, आणि त्याच दिवशी खऱ्या माणसाला शोधणं थांबलं. त्या मुलीवर दुसरा अन्याय तिथे झाला. मुलीचे आईवडील सहा वर्षं एका निरपराध माणसाकडे बोट दाखवत राहिले, आणि तसं बोट दाखवायला त्यांना पोलिसांनीच शिकवलं होतं.

सदाशिव_पेठ_७१ | सोमवार, सकाळी ११.०२

हा मुद्दा मान्य. या बाजूने मी विचार केला नव्हता.

अटलांटा_ते_औंध | सोमवार, दुपारी १२.३०

सतरा वर्षं अटलांटात होतो, गेल्या वर्षी परत आलो. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर हा सिनेमा तिकडे महिनाभर फुकट बघायला ठेवला होता, तेव्हा पाहिला.

स्टीव्हन्सन यांच्याच संस्थेने अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात २०१८ साली एक स्मारक उभारलं. जमावाने मारलेल्या काळ्या माणसांचं. आठशेहून जास्त लोखंडी स्तंभ, काउंटीमागे (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यामागे) एक, त्यावर नावं कोरलेली. आत शिरताना स्तंभ आपल्या उंचीचे असतात. मग पायाखालची जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले दिसायला लागतात. मुलीला घेऊन गेलो होतो. काही स्तंभांवर नावाच्या जागी फक्त 'अज्ञात' असं आहे. ती तिथून हलेचना.

आणि हेही लिहितो. आमच्या ओळखीतली मराठी मंडळी नवीन आलेल्याला घर शोधून देताना "त्या भागात नको, तिकडे ते लोक जास्त आहेत" असं बिनदिक्कत सांगायची. पहिल्या वर्षी मला सांगितलं, तिसऱ्या वर्षी मी दुसऱ्याला सांगितलं. हे आम्ही तिथे शिकलो असं मला नाही वाटत. जाताना सामानातूनच नेलं होतं.

सरळमार्गी | सोमवार, दुपारी १.४५

भावना पोचल्या, पण गल्लत होतेय. वंशवाद म्हणजे कातडीचा रंग, गुलामगिरीचा इतिहास. सोसायटीत झालं ती चूक आहे, वाईट आहे, पण तिला वंशवाद म्हणायचं आणि अलाबामाशी जोडायचं, हे ताणणं आहे. चोरी झाली की बाहेरच्या माणसावर आधी संशय जातोच.

गंज_पेठ | सोमवार, दुपारी ३.१०

सरळमार्गी, हे जोडणारे आपण पहिले नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती अर्पण कुणाला केली हे पाहा: अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. तिकडची गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. ना टीव्ही, ना विमान. तरी पुण्यात बसलेल्या माणसाला नातं दिसलं. १९७२ साली दलित पँथर हे नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. मी फुले वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. लहानपणापासून त्या दारावरून जातो, म्हणून हे ताणणं वाटत नाही.

आणि बाहेरच्या माणसावर संशय जातो म्हणता, तर त्या दिवशी सोसायटीत कुरिअरवाले, इस्त्रीवाले, गॅसवाले किती आले असतील? सगळ्यांमधून एकच आडनाव निवडलं गेलं.

पालावरचा | सोमवार, रात्री ९.२५

दिवसभर वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी पारधी समाजाचा आहे. हडपसरला राहतो, इंजिनिअर आहे. माझ्या आज्याचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला. तारेचं कुंपण होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यातली ही वसाहत. आज्या सांगायचा, दिवसातून हजेरी द्यायची, नाव पुकारलं की उभं राहायचं. बाहेर पाहुण्याकडे जायचं तरी पास लागायचा. १९५२ साली तो कायदा गेला. आम्ही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो. मुंबई राज्याने पुढे १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला आणि संशय तसाच चालू राहिला.

तुरुंगाच्या नियमपुस्तकांमध्ये तर विमुक्त जमातींचे लोक म्हणजे सराईत गुन्हेगार अशा अर्थाच्या तरतुदी काल-परवापर्यंत होत्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, त्या रद्द केल्या. जातीवर कामं वाटून देण्याचे नियमही रद्द केले. तो निकाल मी आमच्या बापाला मोबाईलवरून वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला.

'जस्ट मर्सी' मी एकट्याने पाहिला. तुम्हाला फाशीचा सीन लागला असेल. मला तो वकील पहिल्यांदा तुरुंगात भेटीला जातो तो लागला. कोट घातलेला, हातात फाईल, आणि गार्ड त्याचे कपडे काढायला लावतो. मी कंपनीच्या कार्डावर माझं आडनाव लिहीत नाही, फक्त आद्याक्षर लिहितो. का ते माझ्या टीममध्ये कुणालाही ठाऊक नाही.

ताई, तुम्ही सही केली हे लिहिलंत, ते बरं केलंत. पण त्या पोराचं पुढं काय झालं? तुमच्या लिहिण्यात ते कुठंच नाही.

मुठाकाठ | सोमवार, रात्री ९.५०

मला माहीत नाही. विचारलंच नाही कधी. उद्या मावशींकडे जाते.

मुठाकाठ | मंगळवार, रात्री १०.४०

जाऊन आले. वारज्याच्या पुढे राहतात. मला बघून आधी घाबरल्या, पुन्हा काही गेलं की काय म्हणून.

ते मिटलेलंच नाही. गंठण सापडलं हे चौकीत कुणी कळवलंच नव्हतं. मुलाला तिसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं, जामीन मिळाला. जामिनाची अट अशी की दर सोमवारी दहा ते बारा चौकीत हजेरी लावायची. अजून चालू आहे. मावशींनी ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत शाळेची शंभर पानी वही. पोरगं प्रत्येक सोमवारी तारीख लिहून त्यापुढे हवालदाराची सही घेऊन येतं. उद्या कुणी म्हणालं आला नाहीस, तर दाखवायला. पाऊस लागून काही पानांवरची शाई पसरली आहे. एका गोडाउनमध्ये नोकरी लागत होती, ती दोन कारणांनी गेली: सोमवारी उशिरा येतो म्हणून, आणि चारित्र्य पडताळणीत नाव आलं म्हणून.

गंठण सापडलं हे मावशींना मी सांगितलं. काही बोलल्या नाहीत. वही परत पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, आणि मग विचारलं, "कधी?"

काळा_कोट, काय करता येईल?

काळा_कोट | मंगळवार, रात्री ११.१५

करता येईल, आणि लवकर करा.

पहिली गोष्ट, फिर्यादींनी चौकीत जाऊन पुरवणी जबाब द्यायचा की मुद्देमाल घरातच सापडला. त्यांना भीती वाटत असेल की खोटी फिर्याद म्हणून आपल्यावरच शेकेल. तसं नसतं. समरी म्हणजे प्रकरण बंद करायचा पोलिसांचा अहवाल. बी समरी मुद्दाम खोटी फिर्याद दिली असेल तर. गैरसमजातून दिलेल्या फिर्यादीला सी समरी. पोलीस तसा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात आणि तो मंजूर झाला की प्रकरण बंद. आरोपपत्र आधीच दाखल झालं असेल तर मार्ग बदलतो, म्हणून तारखांचे कागद बघायला हवेत. मंजुरीच्या आदेशाची नक्कल काढून ठेवायची, नोकरीला तीच लागेल.

दुसरं, वकिलाची फी लागणार नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर कोर्टातच आहे. जातीचा दाखला, आधार, एफआयआर आणि जामिनाच्या आदेशाची प्रत आणा.

तिसरं, तिसऱ्या दिवशी कोर्टात नेलं म्हणता. घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेनंतर चोवीस तासांत न्यायला हवं होतं. कागदावर अटक कधीची दाखवली आहे ते मला बघायचंय.

भरपाईचं विचाराल तर विनाकारण अटक करायला लावल्याबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (आधीची फौजदारी प्रक्रिया संहिता) जी तरतूद आहे, तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात यासाठी वेगळी व्यवस्था करा म्हणून सांगितलंय. तसा कायदा आलेला नाही.

सदाशिव_पेठ_७१ | बुधवार, सकाळी ७.३०

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे, वेळच वेळ आहे. कोर्टात दिवसभर बसायला सोबत लागली तर निरोप पाठवा. गोडाउनची नोकरी गेली असेल तर दुसरीकडे शब्द टाकून बघतो.

मुठाकाठ | गुरुवार, रात्री ९.१०

काल संध्याकाळी चौथ्या मजल्यावर गेले. वहिनींनी दार उघडलं. वहीचे फोटो दाखवले. त्या एकेक फोटो मोठा करून तारखा वाचत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं त्यांनी कधीच सोडून दिलं असेल." मग काळा_कोट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आज सकाळी त्या चौकीत जाऊन जबाब देऊन आल्या. मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी सोबत होतो. चष्मेवाले काका आले नाहीत. पण दुपारी त्यांनी माझ्याकडून मावशींचा नंबर मागून घेतला.

कमिटीने आधीचं पत्र मागे घेत असल्याचं दुसरं पत्र केलं आहे. सह्या बाराच झाल्या, पहिल्यावर एकवीस होत्या.

मावशींचा एक प्रश्न आहे, त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलाय. जबाब दिला, तर येत्या सोमवारी पोरानं हजेरीला जायचं की नाही?

काळा_कोट | गुरुवार, रात्री ९.३५

जायचं. कोर्टाचा आदेश होईपर्यंत अट कायम आहे, एकही सोमवार चुकवू नका. वहीत सही घ्यायला विसरू नका. हजेरीची अट शिथिल करायचा अर्ज मी याच आठवड्यात तयार करते, वकीलपत्रावर त्याची सही लागेल.

पालावरचा | गुरुवार, रात्री ९.४१

ताई, चौकी कुठली ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. मी सोमवारी सुट्टी टाकली आहे.

मुठाकाठ | गुरुवार, रात्री ९.४४

कळवते. मीही येतेय. दहाच्या आत पोचायचंय.